निळ्या टॅक्सीचा विमा

“एक लाख दहा हजार बिर्र,” खिडकीपलीकडून विमा कंपनीचा कारकून हेनोक म्हणाला आणि त्याने कागद पुढे सरकवला.

सेलामने वर्षाच्या हप्त्याचा तो आकडा दोनदा वाचला. मग तिने काचेतून बाहेर पाहिलं. विमा कंपनीच्या अंगणात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक तिची, आठ दिवसांपूर्वी आलेली विजेवरची पांढरी गाडी. दुसरी तिच्या बापाची, दमिसेची, अडतीस वर्षं अदिस अबाबाचे चढ चढलेली निळी-पांढरी लाडा टॅक्सी.

“हीच पेट्रोलची असती तर?”

“याच किमतीची? पासष्ट हजार.”

“मग वरचे पंचेचाळीस कसले? धूर सोडत नाही त्याचा दंड?”

“ताई, पेट्रोलच्या गाडीला काही झालं तर गल्लीगल्लीत मेकॅनिक आहे,” हेनोक समजावत म्हणाला. “हिची बॅटरी पोटाखाली. एक दगड लागला की झालं. उघडून बघणारा माणूस इथं नाही. अख्खी बदलायची. ती चीनहून जिबूतीच्या बंदरात येणार, तिथून ट्रकने इथं. आम्हाला निम्म्या गाडीचे पैसे मोजावे लागतात.”

सेलामने सत्तर हजार बाजूला काढले होते. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नव्हती. ती बापाकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “अब्बा, मग भंगारवाल्याला हो म्हणावं लागेल. लाडाचे चाळीस देतो म्हणालाय.”

हे आज ना उद्या होणार, हे दमिसेला कळत होतं. पेट्रोलच्या रांगेत निम्मा दिवस जायचा आणि उरलेल्या अर्ध्यात गिऱ्हाईक मिळायचं नाही. तरी तो खिशातली लाडाची चावी चाचपत राहिला.

हेनोकला बहुधा म्हाताऱ्याची दया आली. वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ‘गाशे’ म्हणत त्याने विचारलं, “थांबा जरा. नव्या गाडीवर तुमचंही नाव आहे ना, गाशे? जुन्या गाडीसाठी कधी भरपाई मागितलीत?”

“कधीच नाही.”

“अडतीस वर्षांत एकदाही नाही? अहो, मग चाळीस टक्के सूट बसते! सहासष्ट हजारांत काम होईल.” त्याने झटक्यात नवा फॉर्म ओढला. “म्हणजे एकही अपघात नाही. कमाल आहे तुमची.”

सेलामचा चेहरा खुलला. आता दमिसेने फक्त गप्प बसायचं होतं. तिने कोपराने त्याला तसं सुचवलंही.

“झाले की,” दमिसे म्हणाला. “चौदा झाले.”

“अब्बा!”

हेनोकचं पेन थांबलं. “चौदा? मग भरून कुणी दिलं?”

“आमच्या इद्दिरने.”

इद्दिर म्हणजे मयताचं मंडळ. महिन्याला सगळ्यांनी वर्गणी घालायची, आणि कुणी गेलं की तंबू, बाकडी, तीन दिवसांचं जेवण त्यातून करायचं. असं मंडळ तिथे गल्लोगल्ली असतं. पण लाडावाल्या बत्तीस जणांनी आपल्या इद्दिरमध्ये माणसांबरोबर गाड्याही धरल्या होत्या. थोरल्यांनी वेड्यात काढलं, तरी धरल्या.

“ते पुढचं दार मेंगेशाचं,” दमिसे बाहेर बोट दाखवत म्हणाला. “तो तापाने पडला होता. म्हणाला, माझी गाडी नुसती उभीच आहे, दार घेऊन जा. बॉनेट वोर्कुचं. मागची काच हैलेमिकाएलची. आरसा बेयेनेचा. पाववाल्याला मी गाडीने ठोकलं, तेव्हा सगळ्यांनी एक दिवसाची कमाई त्याच्या हातावर ठेवली. वोर्कुच्या अंगणात एक जण पत्रा ठोकायचा, एक रंग मारायचा, मेंगेशाची बायको कॉफी भाजायची. तिसरा कप होईतो गाडी सुरू!”

बोलता बोलता त्याला त्या कॉफीचा वास आला. ती माणसं आठवली.

हेनोकने फॉर्मवर बोट ठेवलं. “इथे विचारलंय, आधीचं नुकसान कुणी सोसलं. काय लिहू?”

“मेंगेशा. वोर्कु. हैलेमिकाएल. बेयेने.”

हेनोकने चारही नावं लिहिली. ओळ संपली. “वरचे साहेब विचारतील, या कंपन्या आहेत का म्हणून.”

“होत्या, म्हणून सांग. तीन बंद पडल्या. बेयेने अजून चालू आहे.”

सेलामला हसू आलं आणि तिने डोळेही पुसले. हेनोकने शिक्का मारला. “आमच्याकडून घेतलं नाहीत ना, मग सूट पक्की. पण ती नव्या गाडीला लावायची तर जुनीचा विमा बंद करावा लागेल. आज तेवढी घरी न्या, गाशे. उद्यापासून ती रस्त्यावर नको.”

दमिसेने सही केली. बाहेर येऊन तो टॅक्सीत बसला. मेंगेशाचं दार जरा उचलून ओढलं तरच लागायचं. त्याने ते उचलून लावलं.

सेलाम खिडकीशी वाकली. “भंगारवाल्याला मी नाही म्हणून सांगते. अंगणात राहू दे. तुम्ही बसत जा तिच्यात.”

“बसून काय करू? रविवारी बेयेनेला बोलाव. पाना घेऊन ये म्हणावं. त्याच्या लाडाचा डावा दिवा दोन महिने झाले, फुटलाय.”

“आज दिवा, उद्या चाक. असं करत सगळी गाडी देऊन टाकणार?”

दमिसेने चावी फिरवली. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकत सुरू झालं.

“तुझा हप्ता आज भरला, पोरी,” तो म्हणाला. “माझा अजून चालू आहे.”