धंदा कधीपासून?

"आक्का, नीट दाबून ठेवा अंगठा," सुहास पुन्हा म्हणाला.

हौसाक्कांनी अंगठा पदराला पुसून यंत्रावर दाबला. पुन्हा लाल दिवा. गावातल्या बाळंतिणींना आणि त्यांच्या पोरांना न्हाऊमाखू घालण्यात आक्कांची हयात गेली होती. आता नवं प्रसूतिगृह त्यांना कायमचं काम देत होतं, पण आधी स्वयंरोजगाराची नोंदणी आणि कराचे कागद हवे होते. म्हणून त्या गावातल्या या करसल्लागाराकडे आल्या होत्या.

"राहू दे, ओटीपीने करू," तो वैतागून म्हणाला. "धंदा कधीपासून करता? तारीख लागते."

"धंदा कसला रे बाबा!" आक्का लाजल्याच. मग म्हणाल्या, "तुझ्या जन्माच्या दुसऱ्या दिवसापासनं धर."

सुहासची बोटं कीबोर्डवर थांबली.

"सातव्या महिन्यातच झालास तू. मुठीएवढा. हे काम माझ्या सासूचं, पण ती मागं सरली. म्हणाली, पोर हाती लागायचं नाही, उगाच बोल आपल्यावर येईल. मी नवी सून. पाय पसरले आणि घेतला तुला नडग्यांवर. तेल जिरवत बसले, तू रडेपर्यंत."

सुहासने तारीख भरली. मग टेबलावरचा आक्कांचा हात दोन्ही हातांत घेऊन हळूच उलटा केला. बोटांची टोकं नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत होती. एक रेघ म्हणून उरली नव्हती.

सगळ्या रेघा गावाच्या पाठींत जिरल्या होत्या. सगळ्यांत आधी त्याच्या.