काळी वाळू, लाल वाळू

खडकात अडकलेला होडीचा नांगर ओढता ओढता दोर तुटला आणि त्याचं टोक सेवास्तीच्या पायावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज पोथितोसने इंजिनाच्या घरघरीतही ऐकला. उरलेला दोर पाण्यात पडला, थेट होडीच्या पंख्यात गेला. दोन गचके बसले आणि इंजिन गप्प झालं.

पोथितोसने कमरेचा पट्टा काढून लेकीची मांडी आवळली. रक्त कमी झालं, पण थांबलं नाही. सेवास्ती पांढरीफटक पडली होती. बायको गेल्यापासून पोथितोसला या जगात तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. त्यात दखणी वारा सुटलेला, आणि खाडीचं तोंड दक्षिणेलाच. तासाभरात लाटा आत शिरणार आणि होडी कड्यावर आपटणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्याने वायरलेस उचलला आणि जवळपास मासे धरणाऱ्या मिनासला हाक मारली. "मिनास, मिनास. पोथितोस बोलतोय. पोरीचा पाय मोडलाय, रक्त जातंय. होडी बंद पडलीय."

"कुठे आहेस?"

"काळ्या वाळूवर," पोथितोस म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

काळी वाळू बेटाच्या पार पलीकडे, दीड तासावर. पोथितोस होता लाल वाळूत. दोन कड्यांच्या मधल्या फटीतून आत यायचं, तोंडाशी बुडालेला एक खडक, तो चुकवायचा, आणि मग आत ही एवढीशी लाल पुळण. बाहेरून पाहणाऱ्याला इथे खाडी आहे अशी शंकाही येत नसे. बायको गेली त्याच वर्षी ती त्याला सापडली होती. आत गोबरे मासे असे माजलेले, की जाळं ओढताना कंबर मोडावी. याच खाडीवर त्याने लेकीला वाढवलं, शिकवलं, घराला नवं छप्पर घातलं.

ही जागा लपवायला त्याने काय काय नाही केलं. सकाळी मुद्दाम उत्तरेला निघायचं आणि बाकीच्या होड्या दिसेनाशा झाल्या की वळसा घालून यायचं. परत जाताना पांढऱ्या गोट्यांच्या किनाऱ्यावर थांबून नांगराची लाल माती धुवायची, वर चार पांढरे गोटे होडीत टाकून ठेवायचे. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात कुणी विचारलं, की आज कुठे, तर कधी सीलची गुहा, कधी झाऊच्या झाडांची पुळण, आणि बहुतेक वेळा काळी वाळू. तिथला वारा कसा होता, पाणी किती गढूळ होतं, एक खेकडा कसा चावला, सगळं साग्रसंगीत. वर मिनासला टोमणा असायचाच. "काय रे, भोकं जाळ्याला आहेत की नशिबाला?" मिनासला तीन पोरं, आणि त्याच्या पेट्या निम्म्या रिकाम्या. तो हसायचा आणि सोंगटी पुढे सरकवायचा.

तीस वर्षांची सवय. लेक रक्तात पडलेली असताना तोंडातून तीच थाप बाहेर आली.

"मिनास, ऐक. काळ्या वाळूवर नाही. लाल वाळू. दोन कड्यांची फट आहे, पूर्वेच्या टोकाच्या मागे. ऐकतोयस का?"

उत्तर नाही. मिनासचं इंजिन जुनाट. ते पूर्ण सोडलं की त्याच्या होडीवर कानाशी बंदूक उडाली तरी कळत नसे. पोथितोसने सगळ्यांसाठी सांगितलं. खाडीचं तोंड, खडक, खोली, सगळं ओकून टाकलं. पण मिनास जवळ होता म्हणून त्याला ऐकू गेलं, दूरच्या कुणापर्यंत कड्यांच्या आतून आवाज जाईना. वायरलेस नुसता खरखरत राहिला.

"बाबा," सेवास्ती म्हणाली, "थंडी वाजतेय."

त्याने अंगातला सदरा काढून तिच्यावर घातला आणि वल्हं कड्याला टेकवून होडी दूर लोटत राहिला. मीच मारलं हिला, असं तो मोठ्याने म्हणाला. पहिली लाट आत आली. मग दुसरी. त्याचे हात भरून आले. तरी तो लोटत होता.

पाऊण तास तरी गेला असेल असं त्याला वाटलं. घड्याळात तेरा मिनिटं झाली होती. फटीतून मिनासची निळी होडी आत आली, बुडालेल्या खडकाला उजवीकडे ठेवून, वेग कमी न करता.

दोघांनी मिळून सेवास्तीला उचललं. पोथितोसची होडी तिथेच सोडून दिली. बाहेर खुल्या पाण्यावर आल्यावर मिनासने बंदरावर डॉक्टरला बोलावून ठेवायला सांगितलं. पोथितोस लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"मी काळी वाळू म्हणालो होतो," तो म्हणाला.

मिनासने इंजिन जरा कमी केलं. "ऐकलं ना."

"मग लाल वाळूत कसा आलास?"

"तू काळी वाळू म्हणालास, म्हणजे तिथेच असणार."

पोथितोसला आधी राग आला, मग लाज वाटली. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"लहानपणापासून. बापाने दाखवली होती. सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग कुणी एकदाही तिथे जाळं टाकलं नाही ते?"

मिनासने सुकाणू थोडं वळवलं. एक लाट जाऊ दिली. "तुझी बायको गेली ना, त्या हिवाळ्यात दुकानात ठरलं. पोर मोठी होईपर्यंत लाल वाळू पोथितोसची."

सेवास्तीने डोळे उघडले. "काका, मी चौतीस वर्षांची आहे."

"हो ना," मिनास म्हणाला. "पण तुझा बाप थापा मारताना इतका खुलतो, की त्याला सांगायचा कुणाचा जीवच होईना."