माशांच्या वतीने अर्ज

आमच्या गल्लीतले डास संपले. पण ही बातमी तुम्ही ऐकलीच नाही असं समजा, कारण शेजारच्या भास्करकाकांनीही तसंच ठरवलं होतं.

दर गुरुवारी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई यायच्या, काकांच्या हौदात बॅटरी मारायच्या आणि ओरडायच्या, "काका, पुन्हा डासांच्या अळ्या! हौद घासत का नाही हो तुम्ही?" एकट्या राहणाऱ्या काकांना रागावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ते खुशीत चहा टाकायचे.

मग बाईंनी हौदात गप्पी मासे सोडले. माशांनी अळ्यांचा फडशा पाडला. बाई आनंदानं म्हणाल्या, "शाब्बास काका! आता तुमच्याकडे यायची गरजच नाही."

पुढच्या गुरुवारी काका दारात उभे राहून नसलेल्या डासांना चापट्या मारत होते. बाई हसून पुढच्या घरी गेल्या. संध्याकाळी काकांनी मला अर्ज लिहायला बसवलं.

"काका, अळ्या कोण मागतं?"

"मासे मागतात. तू लिही."

"मा. वैद्यकीय अधिकारी यांस, आपले मासे माझ्या हौदात उपाशी आहेत. तरी दर आठवड्याला अळ्यांचा पुरवठा करावा, आणि तो नर्सबाईंच्याच हस्ते, चहाच्या वेळेस करावा, ही नम्र विनंती."