डाव्या भिंतीवरच्या मशाली

धाकटा भाऊ गेल्याला वर्ष झालं. त्याच्या कॉम्प्युटरवरचा खाणी खोदायचा गेम ताई कामावरून आली की लावायची. त्यातला निळा भाला दोघं दोन वर्षं शोधत होते, पण तो सापडला नव्हता.

"सापडला की खेळ संपला, ताई," तो म्हणायचा.

भुयार खोदत पुढे जाताना मशाली डाव्याच भिंतीला लावायच्या, ही त्याची शिस्त. ताई एकही लावत नसे, घरात दुसरं कोणी खेळत नसे. तरी भुयार रोज दहा मशाली पुढे गेलेलं असे. दगडापलीकडे खोदण्याची ठकठक चालू असे.

आज तिला पेटी सापडली. आत निळा भाला होता.

ठकठक थांबली.

ताईने झाकण लावलं, वर दगड रचले.

"नाही रे," ती हळूच म्हणाली, "इथे काही नाही."

ठकठक पुन्हा सुरू झाली.