मिमूनचा निरोप

"शेळीचं खत टाकू की पोत्यातलं? विचारलंत ना भावजी?"

हद्दू खेचरावरून उतरला आणि भाकरीची रिकामी थैली त्याने यामिनाच्या हातात दिली. "विचारलं, वहिनी. मिमून म्हणाला, पोत्यातलंच टाका. खालच्या शेताला चार, वरच्याला दोन. लेंड्यांनी काय होतंय, म्हणाला."

पोती अर्थातच हद्दूच्या दुकानातली. डोंगरात लपलेल्या मिमूनला सात वर्षांत एकदाही दुसऱ्या दुकानाची आठवण झाली नव्हती. आता बोला!

रिफच्या या डोंगरांत किफ, म्हणजे गांजा, न लावणारं घर सापडायचं नाही. पण पकडवॉरंट निघालं ते मिमूनच्या नावाने. त्या हिवाळ्यात तो वर पळाला. तेव्हापासून दर गुरुवारी यामिना भाकरी, जैतून आणि सुके अंजीर बांधून द्यायची, आणि धाकटा दीर हद्दू ते मेंढपाळांच्या झोपडीपर्यंत पोचवून भावाचा निरोप आणायचा. तिने स्वतः जायचा प्रश्नच नव्हता. फरारी माणसाची बायको डोंगर चढली की मागोमाग शिपाई चढतात.

निरोप ऐकून गाव हसायचं. "मिमूनची अक्कल बर्फात गोठली वाटतं! अरे, देशी बियाणाला पोत्यातलं खत घातलं की झाड माजतं नि वाऱ्याला आडवं होतं, हे आम्हाला त्यानेच शिकवलं. नांगरटीआधी मातीची चिमूट जिभेवर ठेवून बघायचा बेटा."

यामिना पोती मुकाट्याने घरी आणायची. मग ती आणि दोघी मुली, तितिम नि लुइझा, दगड वेचायच्या, ढेकळं फोडायच्या, वर्षभर कुजवलेलं लेंडीखत चुलीच्या राखेत कालवून मातीत घालायच्या. पोत्यातलं खत बांधाच्या कडेकडेने मूठमूठ भिरकावायच्या, हद्दूला पांढरे दाणे दिसावेत एवढ्यापुरतं. तिच्या घरच्या जैतुनाच्या बिया हद्दूच्या दुकानाच्या पायरीवर पडलेल्या तिने कितीदा तरी पाहिल्या होत्या. पाहून पुढे जायची.

यंदा मात्र सगळंच बदललं. किफवाल्यांना माफी जाहीर झाली. परवाना काढा आणि उजळ माथ्याने लावा, असा हुकूम आला. वर लपलेले एकेक करून खाली उतरले. दाढ्या वाढलेल्या, अंगावर हाडंच उरलेली. बायकांनी दारोदार आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या.

मिमून आला नाही.

"त्याचा भरवसा बसत नाही, वहिनी," हद्दू म्हणाला. "हा सापळा आहे, म्हणतो. परवाना हद्दूच्याच नावाने निघू दे, शेत त्याने सांभाळावं, असा निरोप आहे."

यामिनाच्या हातातलं फावडं जागच्या जागी थांबलं. परवान्यावर ज्याचं नाव, त्याचं शेत. हे शेत गेलं तर तितिम आणि लुइझाला घेऊन जायचं कुठे? तरी आवाज तिने चढू दिला नाही.

"असं म्हणाले?"

"अल्लाशपथ!"

"मग शुक्रवारी पिरापाशी सांगा. चार माणसांसमोर. माझं काही म्हणणं नाही."

हद्दूला वाटलं, बाई वाकली. तो खुशीत गेला.

शुक्रवारची नमाज झाल्यावर गावची जाणती मंडळी पिराच्या कबरीपाशी बसली. सगळ्यांत म्हातारा अम्मी, म्हणजे काका, शाइब. शेजारी मशिदीचा फकीह कागद घेऊन.

"कबरीवर हात ठेवून खोटं बोललेल्याचं घर बसतं बरं का," शाइब म्हणाला.

"मला काय भीती?" हद्दूने हिरव्या चादरीवर हात ठेवला. "माझा भाऊ जिवंत आहे. कालच मी त्याला भाकरी दिली. या डोळ्यांनी पाहिलंय."

"आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी?" यामिनाने विचारलं.

"त्याही! सात वर्षांत एक गुरुवार चुकला नाही."

"लिहून घ्या, फकीहसाहेब."

फकीहने लिहिलं, हद्दूने खाली अंगठा उमटवला आणि मग ऐटीत निरोप सांगितला.

शाइबने दाढी कुरवाळली. "निरोपावर जमीन हलत नाही, बाबा. मिमून मेला असता, तर मागे नुसत्या मुली. मग भाऊ म्हणून तुझा हिस्सा निघाला असता, शरियतच आहे. पण तो जिवंत असल्याचं तर तूच शपथेवर सांगितलंस. जिवंत माणसाचं शेत त्याची बायको कसते. परवाना यामिनाच्या नावाने."

हद्दूने हिरव्या चादरीकडे पाहिलं, कागदावरच्या अंगठ्याकडे पाहिलं. आता कोणत्या तोंडाने सांगणार, की भाकऱ्या आपणच हादडल्या?

"घ्या!" कुणीतरी हसून म्हणालं. "तेलही गेलं, तूपही गेलं!"

यामिना उठली. दोन्ही मुलींचे हात घट्ट धरून ती उतार उतरू लागली. ओढ्यापाशी आजूबाजूला कुणी नाही असं बघून थोरल्या तितिमने हळूच विचारलं, "यम्मा, पहिल्याच हिवाळ्यात बाबा रात्री घरी येऊन वारले नि आपण गुपचूप पुरलं, तेव्हापासून तसेच पडलेत, बिनानमाजाचे. आता तरी त्यांच्या जनाज्याची नमाज पढवायची ना?"

"नाही, पोरी," यामिना म्हणाली. "तुझा काका जिवंत आहे तोवर तुझ्या बापाला मरता यायचं नाही."