बटण की अंगठा

"बटणाने उघडतो का हो तो, एवढंच सांगा," बाई म्हणाली.

चाकू अजून सीलबंद पाकिटात होता. तपासनीसाने ते टेबलावर ठेवलं. बटण की अंगठा, हे तो वीस वर्षं लोकांना समजावत आला होता.

"बटण दाबताच पातं आपोआप उघडलं, तर चाकू बंदीचा. पात्यावरची खुंटी अंगठ्याने ढकलावी लागली, मग स्प्रिंगने ओढलं, तर परवानगीचा."

"बटणाचा निघाला तर माझा नवरा सुटेल?"

"झटापटीत बटण दाबलं गेलं, असं वकील म्हणेल. खुंटीचा असेल, तर कुणीतरी तो मुद्दाम उघडलाय."

मेला होता तिचा धाकटा दीर. चाकूही त्याचाच, मेला त्याच दुपारी घेतलेला. पावती फाइलमध्ये होती. बाई त्या दिवशी सकाळपासून आईकडे होती, पोलिसांनी चाकू सील केल्यावर घरी आली. जबाबात तसं लिहिलं होतं.

"झोप येत नाही हो," ती रुमालाने हात पुसत म्हणाली. "डोळे मिटले की तेच. आधी जरासा अडतो, मग खट्."

तपासनीसाला वाईट वाटलं. घर खायला उठलं की माणसाचे कान वाजतातच. त्याच्या स्वतःच्या झोपेत काय कमी चाकू उघडत होते?

"जे असेल तेच लिहीन, ताई."

ती गेल्यावर त्याने सील फोडलं. समोर टंकलेखिका टिपून घ्यायला बसली. बटण नव्हतं. त्याने खुंटी ढकलली. खट्.

"परवानगीचा. अंगठ्याशिवाय उघडत नाही."

"म्हणजे नवरा अडकला बिचारा," टंकलेखिका म्हणाली.

नियमाप्रमाणे दहा वेळा उघडायचा होता. चौथ्या वेळी तो थांबला.

"तुम्हाला काय ऐकू येतं?"

"खट्."

"त्याआधी?"

"काही नाही."

त्याने चाकू तिच्या अगदी कानाजवळ नेऊन उघडला. मग डोळ्यांसमोर धरून उघडला.

"साहेब, नुसतं खट्. आणि दिसायचं काय त्यात? पातं आत होतं, बाहेर आलं."

त्याने चाकू मिटला. पुन्हा खुंटीवर अंगठा ठेवून हळूच ढकलला. पातं केसभर अडलं, मग सुटलं. त्या अडण्याला आवाज नव्हता. ते फक्त उघडणाऱ्याच्या अंगठ्याला कळत होतं.