तळघरात रेंज नसते

“दादा, हात काढू नका हं,” दाजी म्हणाले.

“काढत नाही. तुम्ही बोलू नका.”

मिस्त्रीने उजव्या पंजाने दाजींची मांडी दाबून धरली होती. डाव्या हातात फोन होता. तातडीच्या मदतीचा नंबर त्याने सातव्यांदा लावला आणि सातव्यांदा फोन मुकाच राहिला. रेंजच्या जागी फुली होती.

लिफ्टच्या खड्ड्यात दोघंच होते. तिसरं तळघर, त्याच्याही खाली माणूसभर खोल खड्डा. लिफ्ट वर जाताना मागून खाली येणारी लोखंडी वजनं बदलायचं काम होतं. त्यातलं एक निसटलं आणि त्याचा कोपरा दाजींच्या मांडीत घुसला. मिस्त्रीने कमरेचा पट्टा काढून वरच्या बाजूला आवळला, तरी रक्त थांबेना. हात जरा सैल पडला की भळाभळा यायचं.

दाजी म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कारखाना बंद पडल्यावर सहा महिने घरी बसून होते, तेव्हा मिस्त्रीनेच त्यांना हाताखाली घेतलं. बहीण घाबरत होती. तो छातीठोकपणे म्हणाला होता, “माझ्याबरोबर असतील. केसालाही धक्का लागणार नाही.”

ही काही पोकळ बढाई नव्हती. सव्वीस वर्षांत त्याच्या हाताखालच्या एकाही माणसाला दवाखान्याची पायरी चढावी लागली नव्हती. त्याचा नियम एकच. खड्ड्यात पाय टाकण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. नाहीतर वर कुणीतरी अतिशहाणा बटण दाबतो आणि लिफ्ट डोक्यावर येते. आजही त्याने तेच केलं होतं. इमारतीचा इलेक्ट्रिशियन सकाळी म्हणाला होता, “मेन बंद करण्याआधी मला एक हाक मारा.” मिस्त्रीला हसू आलं होतं. कालचं पोर आपल्याला मेन शिकवतंय!

“तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून बंद करतोय,” असं म्हणून तो जिना उतरला होता.

सुट्टीचा दिवस होता. वरची सगळी ऑफिसं बंद, इलेक्ट्रिशियनही घरी गेलेला, गेटवर एकटा वॉचमन. मिस्त्रीने हाका मारून मारून घसा बसवला. वर कुणालाच ऐकू गेलं नाही.

“तुमच्या फोनवर बघा बरं,” तो म्हणाला.

दाजींना खिशातून फोन काढायलाही फार वेळ लागला. “नाही हो. पण सकाळी हिच्याशी बोललो की मी. इथेच, काठावर बसून.”

मिस्त्रीने हात ताणून तो फोन खड्ड्याच्या काठाकडे उंच धरला. फुली हलली नाही.

“तळघरातली रेंज म्हणजे पाहुणी. आली तर आली.”

“मीपण पाहुणाच की तुमचा,” दाजी म्हणाले. “आणि बघा काय पाहुणचार चाललाय.”

मिस्त्रीला हसावं की रडावं कळेना. त्याने पुन्हा नंबर लावला. पुन्हा लावला. इकडे आड, तिकडे विहीर. वर पळावं तर हात काढावा लागणार, आणि हात धरून बसावं तर कुणालाच कळणार नाही.

“मी वर जाऊन येतो, दाजी. पळत जातो.”

“थोडं थांबा ना.” दाजींचे ओठ पांढरे पडले होते. “एकट्याला भीती वाटते हो.”

बहिणीच्या नवऱ्याने आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. मिस्त्री थांबला. दहा मिनिटं, कदाचित पंधरा. तेवढ्या वेळात त्याने तीसेक वेळा फोन लावला असेल. मग दाजी बोलायचे बंद झाले. तेव्हा त्याने शर्ट काढून जखमेवर करकचून बांधला आणि दाजींचे दोन्ही हात त्यावर ठेवले.

“दाबून धरा. तुमच्या पोरीची शपथ आहे तुम्हाला!”

तो धावत सुटला. दुसऱ्या तळघरात रेंज नव्हती. पहिल्यातही नव्हती. गाड्यांच्या उतारावर, उन्हाचा पहिला पट्टा जिथे पडला होता तिथे फोन लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे पत्ता विचारला. अकरा मिनिटांत अँब्युलन्स दारात उभी होती. इतकी जवळ होती ती.

डॉक्टरीण बाई खड्ड्यात उतरल्या. त्यांनी दाजींची मान चाचपली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मग सावकाश हातमोजे काढले.

“किती वेळ झाला लागून?”

“पाऊण तास.”

“वीस मिनिटं आधी फोन आला असता तर...”

मिस्त्री काठावर बसून राहिला. उघड्या अंगावर रक्त वाळलं होतं. बहिणीला काय तोंड दाखवायचं, हे त्याला सुचत नव्हतं. सांगण्यासारखी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती आणि ती तो पुन्हा पुन्हा घोकत होता. माझ्या हातात काही नव्हतं गं. तळघरात रेंज नसते, त्याला मी काय करणार?

बातमी ऐकून इलेक्ट्रिशियन घरून धावत आला होता. तो मिस्त्रीशेजारी उकिडवा बसला. त्याने पाठीवर हात ठेवला.

“मिस्त्री, कुलपाची किल्ली देता?” तो हळू आवाजात म्हणाला. “मेन चालू करतो. तळघरात रेंज पोचवणारं मशीनही त्याच मेनवर आहे. चालू केलं की इथे बसल्या बसल्या फोन लागेल. घरी कळवायचं असेल ना तुम्हाला?”